भीतीची जखम
(आष्टी येथील व्याख्यान)

नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. डिसेंबरात करमाळा तालुक्यात तो नरभक्षक ठार झाला आणि दप्तरी संकट संपले. हल्ला डोळ्यांदेखत पाहिलेल्याच्या मेंदूत मात्र ते संपतेच असे नाही.

मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका दिसताच तो शरीराला जागे करतो. अ‍ॅड्रिनलिन उसळते, छाती धडधडते. कपाळामागचा भाग त्याला आवरतो, तर हिप्पोकॅम्पस आठवणीला स्थळकाळाची चौकट देतो. आघातोत्तर तणावात हा आवर सैल पडतो. मग तुरीत नुसती सळसळ झाली, तरी शरीर त्याच क्षणात परतते. सर्वांनाच हा विकार जडत नाही. परंतु ज्याला जडला त्याला भित्रा म्हणणे हे अज्ञान होय, आणि अंगारे-धुपारे तर त्याहून वाईट. जाणकाराच्या देखरेखीखाली, सुरक्षित जागी त्या आठवणीला पुन्हापुन्हा सामोरे गेले, की पुष्कळांचा मेंदू नव्याने शिकतो.

पण सुरक्षित जागा कोठून आणायची? शेतीपंपाची वीज रात्रीची असली, तर त्याच माणसाला त्याच अंधारात दारे धरावी लागतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क दिला आहे. कार्यकर्त्यांनी तो तालुक्यातच मागावा. दिवसा विजेची मागणीही त्याच निवेदनात असावी.