राळेगणच्या ड्रायव्हरचा हिशेब
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कलशारोहणाच्या मंगल प्रसंगी एखाद्या संताचे चरित्र सांगावे, क्षेत्राचे माहात्म्य गावे, असा रिवाज आहे. आजच्या भाषणात मात्र एका लष्करी ट्रक ड्रायव्हरची हकीकत सांगावयाची आहे. काही वडीलधाऱ्या मंडळींना हे थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु ही हकीकत खेमकरणच्या रणांगणावरून निघते आणि एका पडक्या देवळाच्या दारात येऊन उभी राहते. सबब ती येथे अस्थानी होणार नाही.

या ड्रायव्हरचे नाव किसन बाबूराव हजारे. सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. मोठेपणाच्या गोष्टी त्यांच्याविषयी पुष्कळ सांगितल्या जातात. १९९० साली पद्मश्री मिळाली, १९९२ साली पद्मभूषण मिळाले, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. येथे त्यांनी स्वतःविषयी जे सांगितले, तेवढ्यावरच भर द्यावयाचा आहे.

सुरुवात एका कागदापासून करू. एप्रिल १९११ नव्हे, २०११ ची गोष्ट. (शंभर वर्षांची चूक भाषणात चालते, दप्तरात चालत नाही.) दिल्लीत लोकपाल कायद्याचा मसुदा करण्यासाठी केंद्र सरकारचे मंत्री आणि जनतेचे प्रतिनिधी यांची संयुक्त समिती नेमली गेली. जनतेच्या बाजूच्या सभासदांनी आपापली मालमत्ता जाहीर केली. अण्णांनी जाहीर केले ते असे: बँकेत ६७,१८३ रुपये, हातात रोख १,५०० रुपये, आणि राळेगण सिद्धी येथे वडिलोपार्जित जमीन ०.०७ हेक्टर. ती जमीनही भाऊ वापरतात. लष्कराकडून मिळालेली एक जमीन आणि एका गावकऱ्याने दिलेली एक जमीन, या दोन्ही त्यांनी गावाच्या कामाला देऊन टाकल्या. पत्नी नाही, मुलेबाळे नाहीत, कारण लग्नच केले नाही. उपजीविका लष्कराच्या निवृत्तिवेतनावर.

०.०७ हेक्टर म्हणजे सात गुंठे. ज्यांनी सातबारा हाताळला आहे त्यांना यावर अधिक सांगावयास नको.

आता हा माणूस मूळचा कोण, ते पाहू. जन्म नगरजवळ भिंगारचा. आजोबा लष्करात होते. वडील एका औषधांच्या कारखान्यात मजुरी करीत. घरात भावंडे बरीच, मिळकत तुटपुंजी. पुढे कुटुंब पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी या मूळ गावी परतले. किसनला शिक्षणासाठी एका नातलगाने मुंबईस नेले. सातवीपर्यंत शिक्षण झाले आणि पैसे संपले. मग दादरला फुले विकली. पुढे स्वतःचे छोटे दुकानही टाकले. गावाकडचा मुलगा मुंबईत असा धडपडतो, ही आपल्या घरोघरची गोष्ट आहे.

चीनच्या युद्धाच्या आगेमागे हा तरुण लष्करात भरती झाला. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, प्रशिक्षण झाले आणि हाती स्टिअरिंग आले.

या सभेत ज्यांचे आयुष्य ट्रकवर गेले अशी चार माणसे तरी निश्चित असतील. रात्रभर गाडी हाकून पहाटे ढाब्यावर चहा घेणे, घाटात ब्रेक तापणे, पंक्चर काढताना मागून येणाऱ्या गाडीची भीती, हे त्यांना सांगावे लागत नाही. लष्करी ट्रकचे काम याहून वेगळ्या जातीचे. तेथे भाडे नसते आणि वेळेला पोहोचण्याचे बक्षीस नसते. पुढे लढणाऱ्या जवानाच्या पोटात अन्न आणि बंदुकीत गोळी जाते ती या गाडीतून. गाड्यांचा तांडा निघतो तेव्हा दोन गाड्यांत ठरावीक अंतर राखावे लागते, कारण एका बाँबमध्ये दोन गाड्या जाऊ नयेत. रात्री दिवे लावता येत नाहीत. पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलला पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर एक लहानसा दिवा पडतो. तो पांढरा ठिपका बघत मागच्या ड्रायव्हरने गाडी न्यावयाची. वरून विमानाला दिसत नाही आणि मागच्याला वाट सापडते. नजर एका ठिपक्यावर, आणि पाठीमागे दारूगोळा भरलेला!

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पंजाबच्या सरहद्दीवर खेमकरणमध्ये घुसले. जवळच असल उत्तर येथे मोठी लढाई झाली. कालव्याचे पाणी शेतांत सोडले गेले, उसाच्या रानात रणगाडे रुतले, आणि आपल्या जवानांनी ते टिपले. याच लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने रणगाडे फोडले आणि वीरमरण पत्करले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या दिवसांत पंजाबातील खाजगी ट्रकवालेही आपल्या गाड्या घेऊन सैन्याच्या मदतीला धावले होते, हेही ड्रायव्हर मंडळींच्या माहितीसाठी नमूद केले पाहिजे.

या खेमकरण क्षेत्रात हजारे ट्रक चालवीत होते. त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. हल्ला विमानातून झाला, की बाँबने, की सरहद्दीवरील गोळीबारात, याची वर्णने छापील मजकुरांत वेगवेगळी आढळतात. त्यांत न शिरता एवढेच सांगणे योग्य की सोबतचे जवान गेले आणि ड्रायव्हर वाचला.

आता जे सांगावयाचे ते त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले आहे, म्हणून सांगण्यास हरकत नाही. तरुणपणी एका काळी त्यांच्या मनात आत्महत्येचा विचार आला होता. गरिबी, युद्ध, मेलेल्या सोबत्यांची आठवण, आणि हे सगळे कशासाठी, हा प्रश्न. फौजी माणूस सुट्टीवर येतो तेव्हा गावात आपण त्याला युद्धाच्या गोष्टी विचारतो, मिठाई मागतो. रात्री त्याला झोप लागते का, हे कोणी विचारीत नाही. अण्णांनी हे उघड सांगितले, याचे मोल पदकांपेक्षा कमी मानता येणार नाही. आपल्या गावातून, आसपासच्या वाड्यांतून जी मुले सैन्यात आहेत, ट्रकवर आहेत, त्यांच्या आईवडिलांनी हे लक्षात घ्यावे.

त्या मनःस्थितीत नवी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर पुस्तकांच्या दुकानात त्यांना स्वामी विवेकानंदांची एक छोटी पुस्तिका दिसली. ती त्यांनी घेतली आणि वाचली. पुढे गांधीजी आणि विनोबा वाचले. आपण खेमकरणला वाचलो ते देवाने कशासाठी तरी ठेवले म्हणून, आणि तो आपला दुसरा जन्म, असे ते सांगत आले. यानंतरही नोकरी चालूच होती. जम्मू-काश्मीर, ईशान्येकडचा डोंगराळ मुलूख, अशा ठिकाणी गाडी चालविली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास रस्त्यावरील आणखी एका अपघातातून ते बचावले. मग मात्र नोकरी सोडून गावी जावयाचे ठरले. वय अडतीसच्या सुमारास.

गाव कसे होते? पाऊस वर्षाला सरासरी चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. विहिरी कोरड्या. बरीच माणसे कामाला बाहेर. आणि गावात हातभट्ट्या तीस-चाळीस. ग्रामदैवत म्हणावे असे संत यादवबाबांचे देऊळ मोडकळीस आलेले. त्या देवळाचे लाकूड लोकांनी काढून नेले होते, आणि ते दारूच्या भट्ट्यांखाली जाळले होते.

बंधुभगिनींनो, हे वाक्य सहज बोलून पुढे जाण्याजोगे नाही. देवळाची तुळई भट्टीत घालताना घालणाऱ्याला भीती वाटली नाही, आणि बघणाऱ्याने हात धरला नाही. देव तेथेच होता. गाव तेथे नव्हते.

निवृत्त ड्रायव्हरपाशी नोकरीतून मिळालेले सुमारे २०,००० रुपये होते. त्या काळातले वीस हजार. एवढ्यात नगरला घराची जागा झाली असती, एखादी जुनी गाडी घेऊन भाड्याने लावता आली असती. त्यांनी ती रक्कम यादवबाबांच्या देवळाच्या दुरुस्तीला लावली. आधी वर्गणीचे पुस्तक फिरविले नाही. आधी स्वतःचे पैसे ओतले, मग गावाकडे पाहिले. हळूहळू माणसे अंगमेहनतीला आली. कोणी दगड वाहिले, कोणी माती. देऊळ उभे राहिले आणि अण्णा त्याच देवळाच्या एका खोलीत कित्येक वर्षे राहिले.

देवळापासूनच का सुरुवात केली, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. बंधारा आधी का नाही, शाळा आधी का नाही? कारण समजण्यासारखे आहे. ज्या गावात कोणाचा कोणावर विश्वास नाही, तेथे सर्वांना बसता येईल अशी जागा एकच उरते. बंधारा कोणाच्या तरी शिवारात येतो, शाळा कोणाच्या तरी वाड्याजवळ येते. यादवबाबांचे देऊळ सगळ्यांचे. पुढे दारूबंदीच्या शपथा तेथेच झाल्या, बैठका तेथेच झाल्या. १९८० च्या सुमारास देवळातच धान्य बँक सुरू झाली. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याने धान्य जमा करावयाचे, ज्याला अडचण आहे त्याने न्यावयाचे, आणि पीक आल्यावर थोडी भर घालून परत करावयाचे. सावकाराच्या दारात जाणे टळले. गाभाऱ्याला लागून धान्याची पोती, याहून चांगला नैवेद्य कोणता?

बाकीचा इतिहास थोडक्यात. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम केले होते. ते पाहून राळेगणात नालाबांध, पाझर तलाव, चर, झाडे, अशी कामे श्रमदानाने झाली. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान ही पाच सूत्रे ठरली. जास्त पाणी पिणारी पिके टाळली. दलित कुटुंबांची घरे श्रमदानाने बांधण्यात इतर वस्तीने हात लावला. पुढे माहिती अधिकारासाठी २००३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण झाले. देशभराचा कायदा २००५ साली आला. आज कोणीही साधा माणूस दहा रुपयांचा अर्ज देऊन कचेरीतील कागद मागू शकतो, त्यामागे ज्या अनेकांची खटपट आहे त्यांत या ड्रायव्हरचाही वाटा आहे. कचेरीतल्या मंडळींची त्यामुळे धावपळ वाढली हे खरे, पण ती वाढावयासच हवी होती.

स्तुतीच करावयाची तर येथे थांबता आले असते. परंतु दोन गोष्टी न सांगितल्या तर हे भाषण अर्धे राहील.

पहिली. समजावून, शपथ घेऊनही जे दारू पिऊन येत, त्यांना राळेगणात खांबाला बांधून मारले गेले. अण्णांनी हे लपविले नाही. आई आजारी मुलाला कडू औषध देते तसे हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद सर्वांना पटलेला नाही, आणि पटू नये. फौजेतील शिस्त फौजेत ठीक. गावात मार खाणारा माणूस उद्या शेजारीच राहतो. देवळापुढे कोणाला बांधून मारले, तर ज्या सर्वांच्या जागेसाठी एवढे केले ती जागा त्याच्यापुरती तरी परकी होते. दारू सुटावी, पण अशी नव्हे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. त्यांच्या सत्काराच्या व वाढदिवसाच्या सोहळ्यावर त्यांच्या संस्थेच्या निधीतून सुमारे २,२०,००० रुपये खर्च झाले होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या चौकशी आयोगाने २००५ च्या अहवालात तो खर्च बेकायदेशीर ठरविला. पुढे एका देणगीदाराने तेवढी भर संस्थेत घातली, असे प्रसिद्ध झाले. ज्याने स्वतःच्या खिशातले वीस हजार देवळात घातले, त्याच्याच नावाच्या समारंभात दुसऱ्याने दिलेले पैसे असे वापरले जावेत! वाईट हेतू होता असे कोणी म्हणावे असा येथे उद्देश नाही. हारतुरे, मांडव, जेवणावळी यांत पैसा कसा निसटतो, हे प्रत्येक उत्सव समितीला ठाऊक आहे. माणूस कितीही स्वच्छ असो, पावती स्वतंत्रच फाडावी लागते.

म्हणून २०११ चा तो कागद महत्त्वाचा वाटतो. बँकेत इतके, हातात इतके, जमीन इतकी. खेमकरणहून परतलेल्या ड्रायव्हरने स्वतःची वैयक्तिक माहिती चारचौघांपुढे ठेवली, आणि चुकले तेथे लोकांनी बोट ठेवले. दोन्ही झाले.

या मंदिराच्या जीर्णोद्धारात ज्यांनी ज्यांनी पैसा, सिमेंट, वाळू, लाकूड, श्रम दिले त्यांची नावे या पुस्तिकेत शेवटी दिली आहेत. त्यापुढच्या पानांवर जमाखर्चाचा तक्ता आहे. मांडव, वाजंत्री व महाप्रसाद यांचा खर्च बांधकामाच्या खर्चातून वेगळा दाखविला आहे. पावत्यांची फाईल देवळाच्या कार्यालयात ठेवलेली असून ती कोणाही ग्रामस्थास, देणगी दिली असो वा नसो, सायंआरतीनंतर पाहता येईल. एखाद्या नोंदीत चूक आढळल्यास समितीस अवश्य कळवावे.