दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं?

माझं माहेर साताऱ्याचं, सासर तासगावकडचं आणि नोकरी सांगलीत. सुट्टी मिळाली की मी दोर घेऊन कातळ चढायला जाते. आज बोलणार आहे माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेबद्दल. हे एकच बोट तीनदा दुखावलं, आणि त्यातल्या दोन वेळा चूक माझी होती.

पहिल्यांदा झालं ते साताऱ्याजवळच्या एका कातळावर. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा, कठीण. कधीकधी बोटाचं टोक टेकेल एवढीच कड हाताला लागते. मग बोटं मधल्या सांध्यात ताठ दुमडून ती धरावी लागते. माझा पाय सटकला, सगळा भार बोटांवर आला आणि अनामिकेच्या मुळाशी टक्‌ आवाज झाला. रक्त नाही, काही नाही. संध्याकाळी मात्र चहाचा कप धरवेना. ओळखीच्या एकानं बोट ओढून ‘बसवून’ दिलं. ते तर मुळीच करू नका.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करून समजावलं. बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच, ते मुख्यतः कोपर ते मनगट या भागात असतात. तिथून दोरीसारख्या कंडरा बोटाच्या टोकापर्यंत जातात, आणि त्यांना हाडालगत धरून ठेवायला पट्टे असतात. मला परकराची नाडी आठवली. नेफा उसवला की नाडी बाहेर येते. माझा नेफा थोडा उसवला होता. पूर्ण फाटला असता, तर बोट वाकवताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी उचलली गेली असती आणि कदाचित शस्त्रक्रियेची वेळ आली असती.

सहा आठवडे भार नको, असं बजावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबलं, मी कातळावर गेले, बोट पुन्हा गेलं. या पट्ट्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश भरतात. दुखणं आधी जातं, ताकद फार उशिरा येते.

दुसऱ्यांदा कातळ सोडला, पण घरकाम कुठं सोडलं? भरलेली बादली बोटांत अडकवून नेणं, ओल्या चादरी पिळणं, हा सगळा भार त्याच बोटावर. घरी मी सांगितलंच नाही. सांगितलं तर ‘सोड ते चढणं’ म्हणतील, ही भीती. प्लॅस्टर नाही, झोळी नाही, त्यांना तरी कसं कळावं? एका सकाळी चादर पिळताना तिसऱ्यांदा टक्‌ झालं आणि मी मोरीतच रडत बसले.

सासूबाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझं बोट बघितलं, मग स्वतःचा हात पुढे केला. “माझंबी बोट सकाळी अडकतंय बघ. दुसऱ्या हातानं सोडवायला लागतंय.” द्राक्षाच्या विरळणीत दिवस दिवस कात्री चालवायची, वर दोन म्हशींची धार. किती दिवस झाले विचारलं, तर म्हणाल्या, “दोन वर्षं असतील.”

त्यांना सांगलीला नेलं. त्यांचा नेफा उसवला नव्हता, उलट बोटाच्या मुळाशी घट्ट झाला होता. नाडीला गाठ पडावी तशी कंडरा तिथं अडकत होती. मधुमेह असेल तर हे जास्त होतं, म्हणून साखरही तपासली. आधी विश्रांती आणि रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी. तेवढ्यानं भागलं नाही तर इंजेक्शन, तेही पुरलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया.

मी या वेळी घाई केली नाही. आधी नुसती बोटाची उघडझाप, मग मऊ चेंडू दाबणं, मग हळूहळू वजन. पावसाळ्यात कातळ ओला असतो, ते चार महिने आयतेच मिळाले. आता चढते, पण बोटं ताठ न दुमडता मोकळ्या पंजानं धरते. बारीक कड आली की सोडून देते. मैत्रिणी हसतात, हसू देत.

चादरी आता आम्ही पिळतच नाही. दोघी दोन टोकं धरतो आणि तशाच दोरीवर टाकतो. अंगणात दुपारपर्यंत पाणी ठिबकत असतं.