खुडणाऱ्या हाताबरोबर

विषाणू म्हटलं की आज प्रत्येकाला करोना आठवतो. पण तंबाखूच्या निपाणीत उभं राहून मी तिथून सुरुवात करणार नाही. विषाणू म्हणून जगात पहिल्यांदा ओळखला गेला तो तंबाखूचा रोग.

शेंडे खुडताना, बगलेतले फुटवे मोडताना बोटांना बसणारा चिकट चीक तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मधेच एखादं झाड असं निघतं, की पानावर गडद-फिकट हिरवी ठिगळं, पान सुरकुतलेलं, वाढ खुंटलेली. हा मोझॅक. त्या झाडाला लागलेला हात पुढच्या झाडाला लागला की रोग पुढे सरकतो. पसरायला त्याला मावा लागत नाही, पांढरी माशी लागत नाही. बारीक ओरखड्यातून रस आत गेला की पुरतं.

१८९२ मध्ये रशियाच्या इव्हानोव्स्कींनी असा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या रसानंही झाडं आजारी पडली. नुसतं विष असेल, अशी शंका घेता आली असती. पण विष एका झाडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेलं तर पातळ होत जायला हवं. हॉलंडच्या बायेरिंक यांनी १८९८ मध्ये दाखवलं, की हे पातळ होत नाही. झाडात शिरून वाढतं. मला त्या शोधातली ही सगळ्यात सुंदर पायरी वाटते. सूक्ष्मदर्शकात काही दिसत नसताना केवळ प्रयोग आणि विचार यांच्या जोरावर ते तिथवर पोचले.

पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे चक्क स्फटिक मिळवले, मिठासाखरेचे मिळतात तसे! आज आपल्याला त्याची बांधणी माहीत आहे. मधे आरएनएचा एकच धागा, सुमारे ६,४०० अक्षरांचा, आणि त्याभोवती प्रथिनाचे २,१३० एकसारखे तुकडे गोल जिन्यासारखे रचलेले, म्हणजे एक बारीक काडीच. अशा तीन हजारांहून जास्त काड्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. याहून कमी सामानावर भागवणारेही आहेत. बटाट्यात १९७१ साली सापडलेल्या व्हिरॉइडला प्रथिनाचं कवचच नाही, नुसता ३५९ अक्षरांचा आरएनए. प्रिऑनकडे तर तोही नाही. वेडंवाकडं दुमडलेलं प्रथिन शेजारच्या प्रथिनाला तसंच दुमडायला लावतं.

विषाणूला स्वतःची चूल नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपलं शिजवून घेतो. जिवाणूंची चूल विझवणारी अँटिबायोटिक्स म्हणूनच त्याच्यावर चालत नाहीत. जिवंत पेशीशिवाय त्याचं भागत नाही, याची एक खूण जवळच आहे: बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तुम्ही गेला असाल. देवीची लस बनवणाऱ्या संस्थेचं नाव त्या जागेला चिकटून राहिलंय. त्या काळी या लशीचा विषाणू वाढवायला जनावराची जिवंत कातडी लागे. नुसत्या पोषक रसात तो वाढणारच नाही.

आणि पेशीबाहेर? तिथे तो खात नाही, श्वास घेत नाही. मग मरायचं तरी कशानं? तंबाखू उन्हात वाळते, वखारीत पडून राहते, विडीत भरली जाते, आणि मोझॅकचा विषाणू त्या कोरड्या चुऱ्यात वर्षानुवर्षं टिकतो. विडी ओढून किंवा तंबाखू मळून त्याच हातानं मिरचीच्या, टोमॅटोच्या रोपांना हात घातला, की सुटला तो. संकेश्वरी मिरची लावणाऱ्यांनी लावणीआधी हात साबणानं स्वच्छ धुवावेत. काही रोपवाटिकांमध्ये हात दुधातही बुडवतात. दुधातली प्रथिनं त्या काड्यांना वेढून टाकतात आणि त्यांना पानात शिरू देत नाहीत.