यवनाची अक्षरं



नेवाशाला पैसाच्या खांबावर माथा टेकवून आलेला माणूस सहसा प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडाकडे फिरकत नाही. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया मात्र १९५४ ते १९५६ या काळात आपल्या सहकाऱ्यांसह हे टेकाड खणत होते. वरच्या थरांत मुसलमानी आणि मराठा अमदानीच्या खुणा होत्या, खाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती होती. या दोहोंच्या मध्ये, सातवाहनांच्या काळच्या थरात, परक्या घडणीची खापरं निघाली. ती अँफोरा नावाच्या कुंभाची होती. दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा हा उंच कुंभ भूमध्य समुद्राकाठी घडायचा आणि दारू, नाहीतर ऑलिव्हचं तेल भरून जहाजावर चढायचा. उत्खननाच्या अहवालात त्या थराच्या कालखंडाला नावच पडलं: इंडो-रोमन.

भांडं आलं, दारू आली. मग अक्षरं आली का?

दगडावर कोरलेली ग्रीक पाहायची, तर कंदहारला जावं लागतं. तिथं १९५८ साली सम्राट अशोकाचा लेख सापडला. एकाच शिळेवर वर ग्रीक, खाली अरामी. याच अशोकाच्या आज्ञेचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मुंबईजवळच्या सोपाऱ्यात मिळाला होता. तो ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. राजा एकच, पण वाचणारे वेगळे, म्हणून भाषाही वेगळी.

हा हिशेब ध्यानात ठेवून जुन्नरला जावं. नगरहून कल्याणच्या रस्त्यानं टाकळी ढोकेश्वर, अणे, आळेफाटा करत तिथं पोहोचता येतं. जुन्नरच्या लेण्यांत तीन दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिटानं संघासाठी भोजनमंडप दिला, चंद्रानं लेण्याचं गर्भद्वार दिलं. बखरींच्या भाषेत यवन म्हणजे मुसलमान, पण हा शब्द त्याहून कितीतरी जुना आहे. आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराणी भाषेत ‘यौन’ झालं, प्राकृतात ‘योन’ आणि संस्कृतात ‘यवन’.

कार्ल्याच्या चैत्यगृहात तर रांगेनं यवन भेटतात. धेनुकाकट गावच्या या मंडळींनी एकेक खांब दान दिला आणि त्यावर आपलं नाव घातलं. नावं कशी? सिहधय म्हणजे सिंहध्वज, धम्म, यसवधन म्हणजे यशोवर्धन! यांत अस्सल ग्रीक किती आणि केवळ पश्चिमेकडून आलेले म्हणून यवन ठरलेले किती, यावर अभ्यासक वाद घालतात. पण या लेखांत ग्रीकचं एक अक्षर नाही. सगळं ब्राह्मीत, सगळं प्राकृतात. दान कोणी दिलं हे कळायला हवं होतं ते भिक्खूंना आणि घाटातून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांना. अलेक्झांड्रियाचा वाचक तिथं थोडाच येणार होता!

ही माणसं या डोंगरांत कशासाठी आली, याचा माग ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात लागतो. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून गोमेदाचे खडे गाड्या भरभरून बंदरावर येतात, असं ते पुस्तक लिहिणारा दर्यावर्दी सांगतो. कल्याण बंदरात शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं, हेही त्यानं टिपलं आहे.

भडोचचं बंदर ज्याच्या ताब्यात होतं, तो राजा म्हणजे क्षत्रप नहपान. ग्रीक अक्षरं आपल्या मुलखात आली ती त्याच्या चांदीच्या नाण्यांवरून. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपी. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी. गंमत अशी, की ती ग्रीक अक्षरं जुळवून वाचली तर ग्रीक भाषा निघतच नाही. निघतं प्राकृत: राजा क्षहरात नहपानाचं नाणं. त्यातही ‘ह’ लिहिताना कारागिरानं रोमन एचचा आधार घेतला. ग्रीकांत तेच अक्षर दीर्घ ‘ए’साठी असतं. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही ओळ अर्थ हरवून नुसती काठाची नक्षी होऊन बसली.

म्हणजे दगडावर यवनाचं नाव आपल्या लिपीत आणि नाण्यावर आपली भाषा यवनाच्या लिपीत, अशी ही अदलाबदल.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर सतरा क्रमांकाचं लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त यानं खोदवलं. तो स्वतःला उत्तरेकडचा योनक, दातामिती नगरीचा, असं सांगतो. त्याच डोंगरावर, तीन क्रमांकाच्या लेण्यात, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं मुलाचे पराक्रम कोरवून ठेवले आहेत. त्यात तो शक, यवन आणि पह्लव यांचा निर्दालक आहे. दोन्ही लेख एकाच कातळावर नांदतात.

याच गौतमीपुत्रानं नहपानाला हरवलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा ठेवा निघाला. मोजली तेव्हा नाणी तेरा हजारांवर भरली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा नव्यानं मारलेला होता. चांदी वितळवायची तसदी सातवाहनांच्या टांकसाळीनं घेतलीच नाही. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याची खूण बसली, तरी हातोडा जिथं थोडा सरकला, तिथं काठावर ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून दिसतात.