जोडी लावण्याआधी



कुत्रीपालकांची ही परिषद किल्लारीत भरते आहे याला माझ्या लेखी अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं भुईसपाट झाली. एखाद्या जातीची सगळी जनावरं एकाच टापूत, मोजक्या घरांत असतील, तर अशा एका पहाटेचा अर्थ काय होतो, हे या गावात सांगायची गरज नाही. मी आज आपल्या कारवानी कुत्र्याविषयी बोलणार आहे. त्याचा वंश किती घरांत, किती नरांवर तोलला गेला आहे, हा माझा विषय.

हे कुत्रं आपल्या माळानं घडवलं. लांबोडं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, सशामागे उघड्या रानात सुटलं की नजर न हलवता धावणारं. जुन्या पालकानं कागद बघून कुत्रं निवडलं नाही. ज्याला धाप लागे, ज्याला संध्याकाळी नीट दिसत नसे, त्या नराकडे कोणी मादी घेऊन जात नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार बंद झाली, आणि ती बंद व्हायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर कुत्र्याची परीक्षाही गेली. आता निवड होते ती प्रदर्शनातल्या बक्षिसावर आणि मोबाइलवरच्या फोटोवर. उंची, रंग, मान यांवर भाव ठरतो. डोळ्याचा पडदा, हृदय, पिल्लांची मर या गोष्टी फोटोत येत नाहीत.

मग काय होतं? एका नराला बक्षीस मिळतं आणि चार तालुक्यांतल्या माद्या त्याच्याकडेच जातात. इथे थोडं गणित करू या, कारण या विषयाचं मर्म त्यातच आहे. समजा एका टापूत ४० माद्या आहेत आणि त्यांना दोनच नर लावले जातात. डोकी ४२ भरतात, पण वंशशास्त्राच्या हिशोबात ती संख्या आठाच्याही आत, ७.६ इतकीच राहते. म्हणजे दर पिढीला अंतःप्रजनन साडेसहा टक्क्यांनी वाढतं. त्याच ४० माद्यांसाठी दहा नर ठेवले, तर ही संख्या ३२ होते आणि वाढ दीड टक्क्याच्या आसपास येते. आठ नर जास्त सांभाळले, एवढाच फरक. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं एकमेकांना लावली, तर एका झटक्यात २५ टक्के. आपण मुलाची सोयरीक करताना दोन्हीकडची कुळं विचारतो. कुत्रीला नर लावताना निदान तिचा आजा कोण, एवढं तरी विचारायला हवं.

हे कोरडं गणित नाही. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००८ साली ब्रिटनमधल्या दहा जातींच्या वंशावळी तपासल्या. बहुतेक जातींनी अवघ्या सहा पिढ्यांत आपले विरळ जनुकीय भेद नव्वद टक्क्यांहून अधिक गमावले होते. आणि तिथे तर कागद होते. आपल्याकडे पुष्कळ पालकांना पणज्याचं नावही सांगता येत नाही, तेव्हा रक्ताची तपासणी हीच आपली वंशावळ.

ही तपासणी दोन वेगळी कामं करते आणि त्यांची गल्लत होऊ नये. पहिलं काम आजाराचा ठरावीक जनुकदोष शोधण्याचं. आयरिश सेटर जातीत कुत्री तरुणपणीच आंधळी होत. १९९३ साली त्यामागचा जनुकदोष सापडला. दोष दोन्हीकडून आला तरच डोळे जातात. एकाच बाजूनं आला, तर कुत्रं वाहक राहतं, पण स्वतः ठणठणीत असतं. दोन वाहक एकमेकांना लावले, तर सरासरी चारात एक पिल्लू आंधळं होतं. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला, तर एकही पिल्लू आंधळं होत नाही. निम्मी पिल्लं वाहक निघतील एवढंच, आणि पुढच्या पिढीत त्यातून निर्दोष निवडता येतात.

माझी सगळी काळजी इथेच आहे. वाहक निघाला की नर खच्ची करायचा किंवा विकून टाकायचा, असा सूर मला ऐकू येतो. आठ नरांच्या वंशात तीन वाहक काढून टाकले, तर एका आजाराबरोबर तीन घराण्यांचं सगळं चांगलंही जातं, आणि उरलेल्या पाचांत दडलेला दुसरा एखादा दोष दोन पिढ्यांत वर येतो. तपासणी करायची ती जोडी ठरवण्यासाठी. कुत्रं बाद करण्यासाठी नव्हे.

दोष सगळ्याच कुत्र्यांत पसरला, तर निवडायला काही उरतच नाही. डाल्मेशियनचं तसं झालं. ठिपक्यांसाठी निवड करता करता शुद्ध वंशातल्या प्रत्येक कुत्र्यात लघवीत युरिक अ‍ॅसिड वाढवणारा दोष बसला, आणि त्यातून मुतखडे. १९७३ साली रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या डाल्मेशियनशीच लावल्या. चांगला जनुक परत आला, पण अमेरिकन केनेल क्लबनं त्या वंशाला दार उघडलं ते २०११ साली. अडतीस वर्षं शुद्धतेच्या हट्टात गेली. आपल्याकडे ती वेळ अजून आलेली नाही, म्हणून आजच बोलतो आहे.

दुसरं काम नातं मोजण्याचं. कोणती दोन कुत्री किती जवळची आहेत, कोणतं घराणं दुर्मिळ आहे, हे त्यातून कळतं. मला आपल्यासाठी हेच काम आधीचं वाटतं. बाजारात मिळणाऱ्या आजारांच्या तपासण्या बहुतांशी परदेशी जातींत सापडलेल्या दोषांवर बेतलेल्या आहेत. कारवानीत त्यातलं काही निघालं नाही, म्हणजे कुत्रं निरोगी असं समजू नका. त्यासाठी आधी डोळे तपासा, हृदय ऐका, आणि वेतातली किती पिल्लं कशानं मेली, ते वहीत लिहा. मेलेल्या पिल्लाची नोंद कोणी ठेवत नाही. आम्हा पशुवैद्यकांना सगळ्यात जास्त तीच लागते.

आता नोंदवह्यांविषयी. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कॅरॅव्हन हाउंड म्हणून नोंदवतं, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं राजपालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळ हाउंडला मान्यता दिली. मुधोळच्या घोरपड्यांनी ही कुत्री राजाश्रयात वाढवली, आपल्याकडे ती कुडाच्या घरात वाढली. दोन वह्यांमुळे आणि मधल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेमुळे एकमेकांचे नर वापरायचे राहून जाऊ नयेत. उदगीरला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नाटकचं पशुविज्ञान विद्यापीठ शेजारच्या बीदरला. या दोघांनी एकत्र बसून दोन्हीकडच्या, आजे-पणजे वेगळे असलेल्या पन्नासेक कुत्र्यांचे नमुने घेतले, तरी हा वंश कुठे एक आहे आणि कुठे फाटला आहे, ते दिसेल.

मराठवाड्याला हे शहाणपण नवं नाही. देवणी गाय बघा: वानेरा, बालंक्या, शेवरा. तीन रंगढंग, पण जात एकच. कोणी एका रंगाला खरी देवणी ठरवून बाकीच्या दावणीवरून सोडल्या नाहीत. कारवानीतही केसाळ शेपटीची पश्मी आणि आखूड केसांची, दोन्ही राहू द्या.

पालकांची एक भीती मला ठाऊक आहे. अहवालात ‘वाहक’ लिहून आलं की पिल्लाचा भाव पडेल, म्हणून कोणी रक्तच द्यायचं नाही. ही भीती खोटी नाही आणि उपदेशानं जाणारी नाही. म्हणून मी या सभेपुढे ठराव मांडतो. अहवाल फक्त पालकाच्या हाती द्यावा, आणि सामायिक नोंदीत नावाऐवजी क्रमांक असावा. एका नराला वर्षाला किती माद्या लावायच्या, याची मर्यादा पालकांनीच बसून ठरवावी. दुर्मिळ घराण्याचा नर जो सांभाळेल, त्याच्या तपासणीचा आणि लसीचा खर्च पालकांच्या संघटनेनं उचलावा, आणि असे नर एकाच गावात न ठेवता निदान तीन तालुक्यांत वाटून ठेवावेत. दुपारच्या सत्रात यावर चर्चा व्हावी. रक्त घेण्याच्या नळ्या मंडपाच्या डाव्या बाजूला ठेवल्या आहेत, कुत्र्याला जेवणाआधी घेऊन या.