कायद्याचे पंधरा दिवस, विमा कंपनीचे पंचेचाळीस



या व्याख्यानमालेत काल संतसाहित्य झालं, उद्या गडकिल्ले आहेत. मधल्या दिवशी अमेरिकेतल्या कामगारांच्या दवाखान्याची बिलं हा विषय पत्रिकेत वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. समोर बसलेल्यांत काही जण असे आहेत की ज्यांना हा विषय माझ्याइतकाच पाठ आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की कॅलिफोर्नियात सकाळचे आठ वाजतात, आणि पुण्या-मुंबईतली ही मुलंमुली डोक्याला हेडफोन लावून तिथल्या विमा कंपन्यांना फोन करू लागतात. त्यांच्या धंद्यात त्यांना ‘ए. आर. कॉलर’ म्हणतात. घरच्यांना विचाराल तर ‘कॉल सेंटरला आहे’ एवढंच सांगतील. ‘अमुक डॉक्टरांचं अमुक तारखेचं बिल, त्याचं काय झालं?’ हा एकच प्रश्न ती रात्रभर विचारत असतात. हा प्रश्न विचारायला माणसं पगारावर ठेवावी लागतात, असं का, हे आज सांगायचं आहे.

थोडं मागे जावं लागेल. २४ मार्च १९११ला न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला नवा कामगार नुकसानभरपाई कायदा घटनाबाह्य ठरवला. मालकाची चूक सिद्ध झालेली नसताना त्याच्या खिशात हात घालता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, त्याच न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ जण गेले. बहुतेक तरुण मुली, इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या. त्या आगीनंतर वारं फिरलं. त्याच वर्षी विस्कॉन्सिनचा कायदा अमलात आला आणि टिकला, मग एकेक राज्य येत गेलं, आणि १९४८ला मिसिसिपी सर्वांत शेवटी आलं. या सगळ्या कायद्यांमागे एक सौदा आहे. कामगाराने मालकाला कोर्टात खेचण्याचा हक्क सोडायचा, आणि त्याच्या बदल्यात चूक कोणाची हे न विचारता त्याचे उपचार व्हायचे, बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळायचा. पैसे मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे. डॉक्टरने कामगाराकडे एक डॉलरही मागायचा नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपल्याकडे विमा कंपनीने पैसे नाकारले तर रुग्णालय पेशंटच्या नातेवाइकांना धरतं. तिथे कामाच्या जागी झालेल्या दुखापतीत ती सोय नाही. डॉक्टरसमोर पैसे देणारा एकच, विमा कंपनी. बहुतेक राज्यांत दरही डॉक्टरच्या हातात नाहीत, राज्य सरकारचं दरपत्रक असतं. तेव्हा भांडण ‘किती’ यापेक्षा ‘कधी’ यावर जास्त रंगतं.

कागदी बिलांच्या काळात ‘कधी’चं उत्तर सोपं होतं: ‘तुमचं बिल आम्हाला मिळालंच नाही.’ हे वाक्य खोटं ठरवणं जवळपास अशक्य. बिल फॅक्स करा, पुन्हा पोस्टाने पाठवा, पुन्हा तेच. बाकी आरोग्य विम्यात १९९६च्या ‘हिपा’ कायद्यामुळे इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा एक देशव्यापी साचा आला. कामगार नुकसानभरपाई मात्र त्यातून वगळलेली होती. म्हणून हे काम एकेका राज्याला स्वतंत्रपणे करावं लागलं. टेक्सासने १ जानेवारी २००८पासून इलेक्ट्रॉनिक बिल सक्तीचं केलं, डॉक्टरांवरही आणि विमा कंपन्यांवरही. छोट्या दवाखान्यांना सूट दिली. कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. डॉक्टरला ऐच्छिक, विमा कंपनीला सक्तीचं. १८ ऑक्टोबर २०१२पासून कॅलिफोर्नियात कोणतीही कंपनी ‘आम्ही इलेक्ट्रॉनिक बिलं घेत नाही’ असं म्हणू शकत नाही. मला कॅलिफोर्नियाची वाट अधिक योग्य वाटते. ज्याच्याकडे पैसे अडलेत त्याच्यावर सक्ती हवी. ज्याचे अडलेत तो आपण होऊन येतो.

आता कॅलिफोर्नियातली यंत्रणा कशी चालते ते पाहा, कारण नियमाची सगळी ताकद तिच्यातच आहे. डॉक्टरच्या सॉफ्टवेअरमधून बिल निघतं ते ‘८३७’ नावाच्या ठरलेल्या साच्यात. मधला मध्यस्थ, म्हणजे क्लिअरिंगहाऊस, ते विमा कंपनीच्या मध्यस्थाकडे देतो. फाइल वाचता आली की नाही, हे कंपनीने एका कामकाजाच्या दिवसात कळवायचं. बिल पूर्ण आहे की परत केलं, हे दोन दिवसांत. दाव्याचा क्रमांक नसेल तर बिल लगेच फेकून द्यायचं नाही. ते पाच दिवसांपर्यंत धरून ठेवायचं आणि क्रमांक आपल्याच दफ्तरात शोधायचा. रजिस्टर पोस्टाची पोच जशी सहीनिशी परत येते तशी ही पोच येते, वर तारीख आणि वेळ. आणि मग पूर्ण, निर्विवाद बिलाचे पैसे १५ कामकाजाच्या दिवसांत, कोणत्या रकमेचं काय केलं याच्या लेखी खुलाशासह. कागदी बिलाला हीच मुदत ४५ दिवसांची आहे.

‘मिळालंच नाही’ हे वाक्य इथे संपलं. कंपनीच्या संगणकानेच पोच दिलेली असते. नियम पाळला की मोडला, हे ठरवायला वकील लागत नाही, दोन तारखांची वजाबाकी पुरते. मग तरीही फोन का करावे लागतात?

कारण दंडाचं गणित. कॅलिफोर्नियात बिल थकलं तर रक्कम १५ टक्क्यांनी वाढते आणि वर्षाला १० टक्के दराने व्याज लागतं, तेही बिल पोहोचलं त्या तारखेपासून. ऐकायला कडक आहे. पण नियम नीट वाचला की कळतं, की ही वाढ इलेक्ट्रॉनिक बिलालासुद्धा ४५ दिवस उलटल्यावरच लागू होते. पंधरा दिवसांची मुदत चुकली तर राज्याचं तपासणी खातं कंपनीला दंड करू शकतं, आणि तो दंड जातो राज्याच्या तिजोरीत. डॉक्टरला एक पैसाही मिळत नाही. म्हणजे १५ आणि ४५ यांच्या मधला जो काळ आहे, त्यात कंपनीने पैसे दाबून ठेवले तर ज्याचे पैसे आहेत त्याला त्याची भरपाई नाही. आणि तपासणी? प्रत्येक दावा-कार्यालयाची पाच वर्षांतून एकदा तरी व्हावी, असं कायदा म्हणतो. तक्रार केली तर मध्येही होऊ शकते, पण तक्रार लिहायची डॉक्टरने.

समजा बिल २०० डॉलरचं आहे. चाळिसाव्या दिवशी पैसे आले: डॉक्टरला वाढीव काहीच नाही. साठाव्या दिवशी आले: ३० डॉलर वाढ, वर व्याजाचे तीन-साडेतीन. हे तेहेतीस डॉलर कंपनीने आपण होऊन द्यायचे आहेत, असं कायद्याची भाषा सांगते. दिले नाहीत तर? फोन करायचा, रांगेत थांबायचं, दाव्याचा अधिकारी बदलला आहे हे ऐकायचं, पुन्हा पत्र. रक्कम कमी दिली असेल, तर नव्वद दिवसांत फेरतपासणी मागता येते, आणि २०१३पासून स्वतंत्र बिल-छाननीही आहे. तिचं सुरुवातीचं शुल्क ३३५ डॉलर होतं. पुढे ते बरंच खाली आलं, आणि डॉक्टर जिंकला तर कंपनीने परत द्यायचं असतं. पण ती छाननी दरपत्रकाप्रमाणे रक्कम बरोबर आहे का, एवढंच पाहते. पैसे उशिरा का आले, हे तिला विचारताच येत नाही.

तेहेतीस डॉलरसाठी कोण भांडेल? एका बिलासाठी कोणीच नाही. कंपनीकडे मात्र अशी बिलं रोज येतात, आणि प्रत्येकातला तो महिना सव्वा महिना तिच्या खात्यात राहतो. मला इथे कट वगैरे दिसत नाही. बहुतेक वेळा जुनं सॉफ्टवेअर असतं, बदललेला मध्यस्थ असतो, एकाकडून दुसऱ्याकडे न पोहोचलेला अहवाल असतो. पण ही दुरुस्ती करायला पैसे लागतात, आणि न केल्याचा भुर्दंड नगण्य असेल तर ती होत नाही. मध्यस्थ कितीही नेमा, नियमाने जबाबदारी दावा सांभाळणाऱ्या कंपनीवरच ठेवली आहे, हे तिथल्या नियमकर्त्यांचं शहाणपण. ती जबाबदारी वसूल कोणी करायची, हे त्यांनी डॉक्टरच्या गळ्यात टाकलं, ही त्यांची चूक. आणि डॉक्टरने ती वसुली कमी पगारात करून देणाऱ्या पुण्याच्या रात्रपाळीकडे सोपवली! आपल्या शंभर घरांत त्यामुळे चूल पेटते, हे खरं. पण नियम नीट चालला असता तर या नोकऱ्यांतल्या कितीतरी लागल्याच नसत्या, हेही खरं.

आपल्याकडे काय? १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ४अ कलम होतं. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, तोही कामगारालाच. कॅलिफोर्नियाच्या पंधरा टक्क्यांपुढे हा आकडा केवढा! पण तो मिळवायला आयुक्तांपुढे अर्ज, तारखा, आणि कंपनीचा वकील. आकडा मोठा असून भागत नाही.

म्हणून मला विमा नियामकाचं, ‘आयआरडीएआय’चं, मे २०२४चं परिपत्रक जास्त आशेचं वाटतं. कॅशलेस मंजुरी एका तासात, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढे उशीर झाला आणि रुग्णालयाने त्या वेळेचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने द्यायचे, तेही भागधारकांच्या निधीतून. पॉलिसीधारकांच्या हप्त्यांतून नाही. उशिराची किंमत उशीर करणाऱ्याच्या मालकांवर पडते, आणि कॅलिफोर्नियाला जे जमलं नाही ते निदान कागदावर आपल्याकडे आलं.

फक्त घड्याळ कोण लावतो, हा प्रश्न राहतो. कॅलिफोर्नियात संगणकाची पोच घड्याळ लावते. आपल्या रुग्णालयात अंतिम बिल विमा कंपनीकडे किती वाजता गेलं, हे पेशंटला कोणी सांगत नाही. दुपारी चारला ‘अजून अप्रूव्हल आलं नाही’ एवढंच ऐकू येतं. तेव्हा एक करा. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीवर जा, अंतिम बिल पाठवल्याची वेळ विचारा, आणि त्या मेलची प्रत आपल्या फोनवर मागून घ्या. तीन तासांहून जास्त वेळ गेला आणि जादा पैसे लागले, तर ती प्रत जोडून आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर जा. त्यानेही भागलं नाही तर विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालयं मुंबईत आहेत आणि पुण्यातही आहेत, आणि तिथे तक्रार करायला शुल्क लागत नाही.