दोष तबकडीचा कीं तारेचा?



घरच्या संगणकावर सीडी बर्न करण्याचा प्रघात आतां मागें पडला आहे. तरीहि जुना संगणक आणि जुन्या ध्वनिफिती जपणारीं घरें आहेत. त्यांच्यासाठीं एक अनुभव सांगतों.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणे. ती गेल्यावर तिच्या आवाजाची एकच कॅसेट उरली. ती संगणकांत उतरवून घेतली, आणि थोड्याच दिवसांत फीत तुटली. पुढें भाच्यांसाठीं सीडी करावयास बसलों, तों ओळीनें ५ सीड्या वाया गेल्या. कांहीं मध्येंच थांबल्या, कांहीं पडताळणींत नापास झाल्या. मीं सीड्यांना दोष दिला; दुकानदारानें ड्राइव्हला दिला. नवा ड्राइव्ह घेतला, तरी दोष जागच्या जागींच!

गणित चुकलें कीं मी मुलांना सांगत असें, "उत्तर खोडूं नका; पायरी तपासा." स्वतः मात्र तें विसरलों. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांमधील केबल कोणीं पाहिलीच नव्हती.

जुन्या आयडीई पद्धतींत ही केबल रुंद पट्टीसारखी असते. जोडाला जागा ४० पिनांची. तारा मात्र कधीं ४०, कधीं ८०. जादा ४० तारा माहिती वाहत नाहींत. त्या ग्राउंडला जोडलेल्या असून शेजारच्या तारांतील संकेतांना एकमेकांचा उपसर्ग होऊं देत नाहींत. सेकंदाला ३३ मेगाबाइटांहून अधिक वेगासाठीं ८० तारांचीच केबल लागते; आणि ती १८ इंचांहून लांब नसावी.

केबल सैल किंवा दुमडलेली असली कीं माहिती चुकीची पोंचते. अशा चुका सांचल्या म्हणजे विंडोज एक्सपी पायरीपायरीनें वेग उतरवते आणि अखेर पीआयओ पद्धतीवर येते. तींत सारें ओझें प्रोसेसरवर पडतें. सीडीचा एकपट वेग सेकंदाला १५० किलोबाइट. ४८ पट म्हणजे ७,२००. इतका ओघ मध्येंच तुटला, तर जुन्या ड्राइव्हांत ती सीडी फुकटच जाई.

उपाय क्रमानें करावे. संगणक बंद करून वीजजोड काढावा. केबलीचीं दोन्ही टोकें नीट बसवून पाहावीं. न जमल्यास केबल बदलावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठें होता तें कळतें. एक्सपी पीआयओवर अडकली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई चॅनेल काढून संगणक पुन्हां सुरू करावा. नंतरच्या साटा पद्धतीची केबल अरुंद असते, पण तीहि सैल होते. तिलाहि हाच नियम.

माझ्या संगणकांत टोक नीट बसवूनहि सीडी फसली. केबल बदलली, तेव्हां पुढची सीडी पहिल्याच प्रयत्नांत उतरली. मीं ताबडतोब दुसरी प्रत केली. एकुलत्या एका प्रतीवर विसंबण्याची चूक पुन्हां करावयाची नव्हती. त्या संध्याकाळीं घरांत अक्काचा आवाज घुमला, आणि कितीतरी वेळ कोणीच बोललें नाहीं.